घरातल्या गुपिताची कादंबरी कशी रचावी

कौटुंबिक रहस्यकादंबरी लिहायला घेणाऱ्याजवळ गुपित बहुधा तयार असते; ते बाहेर कोण काढणार आणि कशासाठी, याचे उत्तर मात्र नसते. मग कथेत एखादा निवृत्त पोलीस अधिकारी येतो, एखादा चौकस पत्रकार येतो किंवा माळ्यावरच्या ट्रंकेत नेमकी शंभर पानांची रोजनिशी सापडते. हे तिन्ही उपाय मला लंगडे वाटतात, कारण आपल्याकडे घरातले गुपित उघडे पडते ते माणूस गेल्यानंतर करावयाच्या कामांतून. मृत्यूचा दाखला काढणे, बँकेतले खाते बंद करणे, सातबाऱ्यावर वारसांची नावे लावणे, कपाट आवरणे, दहाव्याला कोणाकोणाला कळवायचे याची यादी करणे, या प्रत्येक कामात एखादा कागद मागितला जातो किंवा एखादे नाव विचारले जाते, आणि ज्याने आजवर सारे सांभाळले तोच उत्तर द्यायला हजर नसतो. तपासासाठी वेगळा माणूस आणि वेगळे निमित्त शोधावे लागत नाही. कादंबरीचा सांगाडा या कामांवर उभा करावा, एवढेच माझे म्हणणे आहे आणि ते कसे करावे हे एका नमुना-कथानकाच्या आधाराने पुढे मांडतो.

गुपिताआधी त्याचे कारण ठरवा

समजा, 2024 साली पुण्यात 77 वर्षांचे एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, थोरली मुलगी, धाकटा मुलगा आणि गृहस्थांची बहीण, म्हणजे या मुलांची आत्या, एवढी माणसे आहेत. वडिलांना आणखी एक बहीण होती आणि ती सहा वर्षांची असताना पानशेतच्या पुरात वाहून गेली, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले. एवढ्या मोठ्या आपत्तीत एक मूल गेले यात विचारण्यासारखे काही नसते, म्हणून कोणी कधी विचारलेले नाही. खरी गोष्ट अशी, की ती मुलगी पुराच्या दीड महिना आधी, मेच्या सुट्टीत, मालवणजवळच्या आजोळी विहिरीत पडून गेली आणि त्या दुपारी तिच्याकडे लक्ष देण्याचे काम चौदा वर्षांच्या भावाला दिलेले होते.

पुष्कळ लेखक येथे थांबतात आणि दडवलेली घटना हीच कादंबरी आहे असे धरून चालतात. वास्तविक घटना चार ओळींत सांगून संपते. चारशे पाने टिकते ते तिच्या दडवण्यामागचे कारण. हे कारण दुष्टपणाचे असेल तर वाचक खलपुरुष ओळखून मोकळा होतो. ते प्रेमाचे असेल, आणि त्याच प्रेमाने कोणाचे तरी आयुष्य कुरतडले असेल, तर वाचकाला कोणाची बाजू घ्यावी ते कळेनासे होते. आमच्या नमुन्यात आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने, हे खोटे ठरवून रचलेले नाही. पुरानंतर गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, तेथल्या नव्या शेजारणीने नळावर सहज विचारले, “तुम्हाला मुलं किती?” आणि मुलगा शेजारी उभा असल्याचे पाहून आजीच्या तोंडून निघून गेले, “तीन. धाकटी पुरात गेली.” हे एक वाक्य पुढे साठ वर्षे कोणाला मागे घेता आले नाही. आपल्या गुपिताचा जन्म अशा एखाद्या वाक्यात शोधून पाहावा. कट रचणारी कुटुंबे कथांमध्ये फार असतात. प्रत्यक्षात माणसे एकदा बोलून जातात आणि मग ते निभावत राहतात.

कोणाला काय ठाऊक होते

लेखनाला बसण्यापूर्वी प्रत्येक पात्रासाठी एक पान घ्यावे आणि त्यावर सन घालून लिहावे: याला काय सांगितले गेले, याने स्वतः काय पाहिले, याला संशय केव्हा आला आणि हा गप्प का राहिला. हे काम कंटाळवाणे आहे. पण रहस्यकादंबऱ्या याच ठिकाणी फसतात. चौकस वाचक लगेच विचारील की वाड्यात दहा बिऱ्हाडे असताना मुलगी जूनमध्ये आजोळहून परतली नाही हे शेजाऱ्यांना कसे कळले नाही? उत्तर असे, की त्यांना ते कळलेच होते. पुराने वाडा पडला, बिऱ्हाडे पांगली आणि नव्या वसाहतीत जुने शेजारी कोणी नव्हते. मग आजोळच्या माणसांचे काय? त्यांच्याकडे जाणे-येणे तोडले गेले आणि मुलांना कारण सांगितले गेले की मामाने, म्हणजे आजीच्या भावाने, जमिनीत तिला फसवले. म्हणजे एका खोट्याच्या रक्षणासाठी दुसरे खोटे उभे राहिले आणि एक निरपराध माणूस साठ वर्षे घरात शत्रू ठरला. असे दुसरे खोटे आपल्या कथानकात आहे का ते पाहावे. नसेल तर रहस्य अजून पिकलेले नाही असे समजावे.

आत्या त्या वेळी दहा वर्षांची होती, म्हणून तिला अर्धे ठाऊक आहे. बहीण कोठे गेली हे तिला माहीत आहे. त्या दुपारी तिच्याकडे कोणी पाहायचे होते हे माहीत नाही. अर्धवट ज्ञान असलेले असे एक पात्र अवश्य ठेवावे, कारण ते खोटे न बोलता दिशाभूल करू शकते. थोरली विचारते, “आत्या, तिला वाहून जाताना कुणी पाहिलं होतं का गं?” आत्या म्हणते, “पाहिलं असतं तर धरलं नसतं का? चहा घे, निवतोय.” यात एक शब्दही असत्य नाही आणि पहिल्या वाचनात कोणी येथे थबकणारही नाही. आपल्या घरांत विषय टाळण्याची भाषा ही अशीच खाण्यापिण्याची, औषधाची, “आता ते उगाळून काय होणार आहे” अशा वाक्यांची असते. संवाद लिहिताना गुपिताच्या जवळ जाणारे प्रत्येक बोलणे एखाद्या घरकामाने तुटले पाहिजे, आणि ते काम त्या क्षणी खरोखर करण्यासारखे असले पाहिजे.

तेरा दिवसांचा आराखडा

मृत्यूनंतरचे दिवस आपल्याकडे मोजलेले असतात, त्यामुळे कादंबरीला वेळापत्रक आयते मिळते. अस्थिविसर्जनासाठी नाशिकच्या रामकुंडावर जाणारे कुटुंब तेथल्या तीर्थोपाध्यायांकडे गेले तर त्यांच्या वह्यांत पूर्वजांची नावे, गाव आणि कोण केव्हा आले याच्या नोंदी निघतात. आजोबा 1961 सालच्या जूनमध्ये, म्हणजे पुराच्या आधी, नाशिकला येऊन गेले असल्याची सही तेथे आढळली तर प्रश्न आपोआप उभा राहतो: ते कशासाठी आले होते?

दहाव्याचा प्रसंग सर्वांत मोठा मोह घालतो. पिंडाला कावळा शिवेना म्हणजे मृताची काही इच्छा राहिली आहे, अशी समजूत असल्यामुळे जमलेले नातलग एकेक आश्वासन देऊ लागतात, आणि शेवटी काहीच जमेना तर दर्भाचा कावळा करून शिववतात. लेखकाने कावळ्याला न्यायाधीश करू नये. योग्य वाक्य उच्चारताच कावळा झेपावला असे लिहिले की सगळे प्रकरण स्वस्त होते. पाहण्यासारखे असते ते निराळेच. गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा कोणती असेल, याविषयी प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो आणि तो अंदाज त्याला काय ठाऊक आहे हे उघड करतो. मुलगा म्हणतो, “आईची काळजी करू नका.” जावई घराच्या कर्जाचे बोलतो. आत्या पुढे होते आणि हात जोडून म्हणते, “दादा, मालवणला मी जाऊन येईन.” साठ वर्षे ज्या गावाचे नाव घरात निघाले नाही ते घाटावर पंचवीस माणसांसमोर निघते. कावळा त्यानंतर आला की नाही हे सांगण्याचीही गरज उरत नाही.

अर्थात हे विधी सर्व घरांत होत नाहीत. देहदान केलेल्याच्या घरी घाट नसतो, बौद्ध कुटुंबात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, मुसलमान घरात चाळिसावा असतो. आपण ज्या घराची कथा सांगतो त्या घराचे नियम नीट विचारून घ्यावेत. एका घराचे सुतक दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवू नये.

कागद बोलतात, पण काळजीपूर्वक

माझ्या मते या प्रकारच्या कादंबरीचे खरे वैभव कागदांत आहे. रोजनिशीत माणूस स्वतःविषयी सांगतो, म्हणून ती सोयीस्कर असते. सरकारी कागदाला कोणाच्या भावनेशी कर्तव्य नसते. गावात कोण जन्मले, कोण वारले याच्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये असतात, त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि त्याची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळते. वडिलांच्या कपाटात थोरलीला अशी एक नक्कल मिळते. तीत मुलीचे नाव आणि 1961 सालच्या मे महिन्याची तारीख आहे. येथे वाचकाला धक्का बसतो. पण त्याच कागदावर दुसरा, अधिक खोल जाणारा पुरावा आहे. शिक्क्यात जिल्हा सिंधुदुर्ग असा आहे. 1961 साली मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. याचा अर्थ ही नक्कल त्यानंतर कधीतरी काढलेली आहे. तेव्हा आजी-आजोबा हयात होते, वडील पस्तिशीला आले होते, आणि कोणीतरी या घरातून मुद्दाम मालवणच्या कचेरीत जाऊन अर्ज केला होता. आता प्रश्न बदलतो. काय घडले याचे उत्तर जवळजवळ मिळालेले असते आणि वाचक पाने उलटतो ते कोणाला हे आधीच ठाऊक होते या प्रश्नासाठी.

अशा तारखांचा एक तक्ता लेखकाजवळ असावा. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाला, म्हणून 1961 सालच्या पत्रावर तो असेल तर एकतर पत्र बनावट आहे किंवा लेखक बेसावध आहे. दशमान पद्धतीचे नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासून आले. तार सेवा 2013 सालच्या जुलैत बंद झाली. 1 मे 1960 पूर्वीच्या कागदावर महाराष्ट्र राज्य असे छापलेले असू शकत नाही. वाचकांमध्ये निवृत्त पोस्टमास्तर आणि तलाठी असतातच, आणि ते पत्र पाठवून चूक कळवतात.

कागद सापडला की तो इतकी वर्षे वाचला कसा, हेही सांगावे लागते. ज्या घरातले सगळे सामान पुरात गेले तेथे मामाचे पोस्टकार्ड कसे उरले? ते आजोबांच्या कॅम्पातल्या कचेरीच्या पत्त्यावर आले होते. निधनाची वार्ता कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडण्याची आणि वाचून झाल्यावर ते फाडून टाकण्याची पद्धत होती. आजोबांनी ते न फाडता ठेवले. कोपरा नसलेले ते कार्ड नातवाला आधी नुसते फाटके वाटते. त्याचा अर्थ आईला विचारल्यावर कळतो, आणि सांगताना आई ज्या सहजतेने सांगते त्यावरून तिने ते कार्ड पूर्वी पाहिले असावे अशी शंका चाणाक्ष वाचकाला येते.

नावांचा उपयोगही करून घ्यावा. आपल्याकडे लग्नात स्त्रीचे पहिले नावही बदलण्याची चाल होती, त्यामुळे सासरच्या कागदांत जी शालिनी तीच माहेरच्या कागदांत कुमुद असते आणि नातवंडांना या दोघी वेगळ्या वाटू शकतात. मामाच्या गावचा सातबारा काढल्यावर इतर हक्कांच्या रकान्यात एक अनोळखी नाव दिसते. ते आजीचे माहेरचे नाव आहे हे कळेपर्यंत एक प्रकरण निघून जाते. कळते तेव्हा मात्र उलगडते, की ज्या मामाने फसवले म्हणून संबंध तुटले होते त्याने बहिणीचे नाव कधीच कमी करून घेतलेले नव्हते. हक्कसोडपत्र नाही, तक्रारीची फेरफार नोंद नाही, वाद नव्हताच. नमुना-कथानकात मला स्वतःला सर्वांत प्रिय असलेला क्षण हा आहे, कारण येथे एका मृत माणसावरचा आरोप एका निर्विकार सरकारी रकान्याने पुसला जातो.

गुपित वारसाहक्काचे असेल तर कायदा सनासह पाहावा. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या द्विभार्या विवाहाला 1946 सालच्या कायद्याने बंदी झाली आणि 1955 सालचा हिंदू विवाह कायदा देशभर आला, म्हणून आजोबांचे दुसरे घर 1940 सालचे असेल तर ते लपवण्याचे कारण एक, आणि 1960 सालचे असेल तर दुसरे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क देणारी दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली. महाराष्ट्राने 1994 सालीच अविवाहित मुलींपुरता तो दिला होता. एखादा भाऊ बहिणींच्या सह्या घेण्याची घाई कोणत्या वर्षी करतो, यावर त्याचा स्वभाव ठरू शकतो.

रक्तगटावरून पितृत्वाचा संशय घेणे ही युक्ती फार झिजलेली आहे. तरी वापरायचीच असेल तर ती उलटी वापरता येते. आई आणि वडील दोघांचा गट ओ आणि मुलाचा बी निघाला, तर घरात वादळ उठेल. परंतु 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे रक्तगट असलेली व्यक्ती साध्या तपासणीत ओ गटाची वाटते आणि तिच्याकडून ए किंवा बी गटाचा वारसा मुलाकडे जाऊ शकतो. म्हणजे संशय निराधार ठरतो, पण तो घेताना जे बोलले गेले ते परत घेता येत नाही.

शोक कसा लिहावा

रहस्याला पुढे धावायचे असते आणि शोकाला जागचे हलायचे नसते. या प्रकारातली मुख्य अडचण ही आहे. ती सोडवण्यासाठी काही जण शोकाची स्वतंत्र, काव्यमय प्रकरणे लिहितात आणि वाचक ती गाळतो. त्याऐवजी शोकामुळे तपासात चुका होऊ द्याव्यात. थोरली नक्कल पाहते, पण त्या दिवशी तिला शिक्का दिसत नाही, कारण अर्जावर वडिलांची सही असते आणि ती तेथेच अडकते. झोप नसलेला धाकटा मुलगा तारीख चुकीची वाचतो. महत्त्वाचा पुरावा समोर असूनही माणसाला न दिसण्याचे याहून प्रामाणिक कारण दुसरे नाही, आणि लेखकाला हवा तो विलंबही मिळतो.

शोकाच्या पाच पायऱ्यांचे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) कोष्टक पात्रांना लावू नये. ती मांडणी 1969 साली झाली ती स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून, मागे उरलेल्यांच्या अभ्यासावरून नाही. मागे उरलेला माणूस पायऱ्या चढत नाही. तो मंडईत नेहमीप्रमाणे दोन माणसांची भाजी घेतो, गेलेल्याच्या मोबाइलचा रिचार्ज करतो, भेटायला आलेल्यांवर मनातून चिडतो आणि मध्येच हसतो. गेलेला माणूसही देवमाणूस नसावा. आमचे गृहस्थ कंजूष होते, विहिरीजवळ खेळले म्हणून त्यांनी धाकट्याला एकदा बेदम मारले होते, आणि या माराचा राग मुलाने चाळीस वर्षे धरला आहे. सत्य कळल्यावर त्या माराचा अर्थ बदलतो. राग मात्र एका दिवसात जात नाही, आणि तो जातो असे दाखवू नये.

लहान मुलाच्या मृत्यूचे एक अंग लेखकांनी लक्षात घ्यावे. बहुतेक हिंदू घरांत लहान मुलाचे श्राद्ध करीत नाहीत, त्यामुळे त्या शोकाला पंचांगात दिवस नसतो. वडील दरवर्षी मेअखेरीस एक दिवस काही खात नसत. मुले याला पित्ताचा त्रास समजत. ही गोष्ट पहिल्या तीस पानांत, पित्ताच्या गोळ्यांच्या उल्लेखासह, सांगून टाकावी आणि पुन्हा तिच्याकडे बोट दाखवू नये.

उलगडा कोठे करावा

उलगडा शेवटच्या पानासाठी राखून ठेवण्याचा हट्ट सोडावा. मुलगी विहिरीत गेली हे निम्म्या कादंबरीत कळू द्यावे, भावाचा संबंध दोन-तृतीयांश झाल्यावर, आणि उरलेल्या पानांत आईची बाजू यावी. नवऱ्याने ती नक्कल काढली तेव्हा ती त्याच्याबरोबर मालवणला गेली होती. मुलांना आजीकडे ठेवून चार दिवस फिरायला म्हणून दोघे गेले होते ते हेच. तिने कधीच काही सांगितले नाही, कारण तसे वचन होते. मुलांना वडिलांवर रागवता येत नाही, ते गेले आहेत. मग सारा राग जिवंत असलेल्या आईकडे वळतो. कादंबरीचा सर्वांत कठीण संवाद हा असेल. तो लिहिताना आईला कैफियत मांडायला लावू नये. तिला दोन-तीन वाक्येच द्यावीत आणि बाकीचे मुलांना समजू द्यावे.

गुपित आपल्याच घरातले घेतले असेल तर पहिला खर्डा कोणाला न दाखवता पुरा करावा, आणि दुसऱ्या खर्ड्यात गाव, व्यवसाय, भावंडांची संख्या आणि मृत्यूचे कारण यांपैकी निदान तीन गोष्टी बदलाव्यात. ज्या नातलगाचे मौन कथेत वापरले आहे तो हयात असेल तर छपाईपूर्वी हस्तलिखित त्याच्याकडे द्यावे, आणि त्याने एखादे पान काढायला सांगितले तर ते पान कोणते यावर आधी नीट विचार करावा, कारण नेमके तेथे आपल्याला ठाऊक नसलेले काही असण्याचा संभव आहे. जमिनीच्या आणि वारसाच्या प्रकरणांचे हस्तलिखित महसुली कामे पाहणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्यावे, आणि तारखांचा तक्ता शेवटच्या मुद्रितापर्यंत टेबलावर ठेवावा.